खांब नंबर सतरा

मकबूल शिकलगारला मी विचारलं नव्हतं,
केलंस का म्हणून.
येरवड्याच्या मुलाखतीच्या जाळीतून
एवढंच विचारलं, दिवा होता का त्या बोळात?
तो म्हणाला, बाई, तिथं दिवसासुद्धा अंधारच.
मी वहीत लिहिलं : अंधार.
खाली दोन रेघा.

पंचनामा सुवाच्य होता.
नको तितका सुवाच्य.
बावीस जानेवारी, रात्री आठ पस्तीस,
गुलटेकडी, गोदामामागचा बोळ,
धारवाल्याच्या गाडीवर अकरा सुरे, त्यातला एक जप्त,
'रस्त्यावरील दिव्याच्या उजेडात वाचून पाहिला, बरोबर आहे.'
विलास ढमढेऱ्यानं हल्लेखोर ओळखला,
तोही त्याच उजेडात.
खाली पंचांच्या सह्या. एक भेगडे,
चौकीसमोर रसाचं गुऱ्हाळ चालवतो,
त्या वर्षी नऊ पंचनाम्यांच्या वेळी
तो सहज तिथून चालला होता.

महापालिकेच्या विद्युत विभागात
चार खेपा घातल्या.
तीनदा खैरनार जेवायला गेले होते.
चौथ्यांदा कागद मिळाला, त्यावर एक ओळ :
खांब नंबर सतरा, उभारणी नऊ मार्च.

माझी बावीस वर्षांची वकिली म्हणजे
अशा चार-पाच ओळी.
बाकी नुसत्या तारखा,
शिवाजीनगर कोर्टाचा जिना, झेरॉक्सची रांग,
कोटाच्या काखेत वाळलेलं मीठ,
आणि फी म्हणून आलेली
कांद्याचा वास मारणारी नोटांची पुडी.

उलटतपासात आवाज चढवायचा नसतो.
फौजदारांना विचारलं, वाचता येत होतं?
हो.
स्पष्ट?
हो.
कशाच्या उजेडात?
खांबाखालीच तर उभे होतो, मॅडम.
मग मी कागद पुढे केला.
साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
पंख्याचा तेवढा आवाज.
मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू,
लहानपणी फिरता भोवरा तळहातावर घेतला की
व्हायचा तसला.

मकबूल सुटला. संशयाचा फायदा मिळाला.
फायदा! जसं काही
मार्केट यार्डात काहीतरी विकून आलो आम्ही.

जिन्यात विलासची बहीण उभी होती.
त्याची दोन बोटं आता मिटत नाहीत,
टेम्पोचं स्टिअरिंग धरता येत नाही.
तिनं शिवी दिली नाही. म्हणाली,
खांब नव्हता, कबूल.
माझ्या भावाचा हात तर होता ना?
मी म्हणाले, होता.
त्यापुढचं वाक्य मला अजून सुचलेलं नाही.
पुस्तकातली सुचतात. ती खरीही असतात,
पण जिन्यात उभं राहून म्हणवत नाहीत.

मकबूलनं केलं की नाही, मला माहीत नाही.
बावीस जानेवारीला त्या बोळात दिवा नव्हता,
हे मला माहीत आहे.
हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन, तिच्यासुद्धा.
एवढ्यावर मी जेवते.

दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी तो येतो,
सायकल स्टँडवर चढवतो, पायडल मारत
माझी विळी, माझे सुरे,
शेजारच्या लिमयेकाकूंची कात्री.
माझ्याकडून पैसे घेत नाही. काकूंकडून घेतो.
धार बोटावर बघू नका बाई, नखावर बघा,
घसरली तर बोथट, रुतली तर लागली,
हे त्यानंच शिकवलं.
ठिणग्या उडून त्याच्या मनगटावर विझतात.
मी मनगटाकडे बघते.
मी बघतेय हे त्याला दिसतं.
पायडल क्षणभर थांबतं, पुन्हा सुरू होतं.
मग सुरा वर्तमानपत्रात गुंडाळून
तो मूठ माझ्याकडे करतो,
पातं स्वतःकडे.