शंटिंग

दीपनगरच्या कॉलनीत वीज जात नसे,
म्हणून तो डबा हेमलता सरोदेकडेच शोभला.
मामानं पुण्याहून आणलेला,
रबरी बटणांचा, पाटीहून थोडा जाड,
मे महिन्यात असा तापायचा
की तिची आई खाली बर्फाचं ताट ठेवी.

त्याला स्वतःचा पडदा नव्हता, वीज काढली की आठवणही नव्हती.
खेळ यायचा कॅसेटमधून:
साडेचार मिनिटं, पत्र्याच्या डब्यात कोंडलेले रातकिडे,
टीव्हीच्या कडेनं निळ्या-पिवळ्या पट्ट्या पळत,
आम्ही श्वास धरून,
आणि शेवटच्या घटकेला: चूक.
रिवाइंड.

सायकलवरून भुसावळ. जामनेर रोड.
मुरलीधर झोपे, टेप-रेडिओ-मिक्सर.
त्यांनी कॅसेट लावली आणि चेहरा आंबला.
"हे कोन्तं गानं हाये?"
गाणं नाही काका, आकडे आहेत.
त्यांनी बारीक पेचकस हेडच्या स्क्रूवर टेकवला,
डोळे मिटले, पाव आटा फिरवला.
आवाज एकदम धार लावल्यासारखा.
"गानं नसू दे. बेसूर कुठी हाये ते मले समजते."
त्यानंतर एकदाही चूक आली नाही.
खोटं. दोनदा आली.

मग तिनं स्वतःचा खेळ लिहिला,
आधी चौकटीच्या वहीत, मग बोटांनी.
भुसावळचं यार्ड. ओ म्हणजे वाघीण, एच म्हणजे इंजिन.
कोळसा दीपनगरकडे वळवायचा, केळी दिल्लीकडे;
सांधा चुकला तर दिल्लीला कोळसा
आणि कॉलनीत काळोख.
तिचे वडील बॉयलरवर. ते हसले नाहीत.
म्हणाले, राखेची वाघीण कुठंय?
तिनं घातली. ओळ क्रमांक तीनशे पंचेचाळीस.

दहा कॅसेटी भरल्या, वेष्टनावर स्केचपेननं इंजिन,
मुरलीधरांच्या काउंटरवर गझलांशेजारी, पंधरा रुपये.
तीन खपल्या.
एक जळगावच्या दातांच्या डॉक्टरांच्या मुलानं नेली,
त्याच्याकडे तसाच डबा होता.
एक फैजपूरच्या लीलाबाई वाघुळदेंनी, नवरा पॉइंट्समन, नाव पाहून नेली.
डबा नव्हताच. त्यांनी म्हणे टेपवर सगळी ऐकली, दोन्ही बाजू,
आणि परत केली नाही.
तिसरी एका भजनी मंडळानं, वर हरिपाठ भरायला.
शेवटचा अभंग संपला की
चार सेकंद आमचं यार्ड किंचाळतं,
मग हात जोडलेले खाली येतात.

वडिलांची पारसला बदली झाली. हेमलता गेली, डबा गेला.
सात कॅसेटी दुकानात राहिल्या.

नव्वद साली आमचा टेप घरघरायला लागला, तो घेऊन गेलो.
मुरलीधरांनी ड्रॉवरमधून काढली तीच,
इंजिन पुसट झालेलं.
डोळे मिटले. पाव आटा.
"सूर लावाले याच्यासारखी कॅसेट नही."
चहा येईपर्यंत ती वाजत होती.
मध्येच कुठंतरी, मला कळलं नाही कुठं,
राखेची वाघीण गेली असणार.