सुट्टे

खिडकी क्रमांक चार. नऊ वर्षं
माझा उजवा हात बाहेर होता, डावा आत.
उजव्याला ऊन लागलं, डिझेलचा धूर लागला,
खंबाटकी उतरून आलेल्या ट्रकांची धाप लागली.
अजून शर्ट काढला की बायको म्हणते,
दोन वेगळ्या माणसांचे हात आहेत हे.

दर एकच. पाचवडला चढून लिंब फाट्याला उतरा
नाहीतर थेट बेळगावपर्यंत जा,
माझ्यापुढे बटण एकच होतं.

हैबती कणसे रोज पहाटे पाच वीसला.
मागे दुधाचे सात कॅन, आठवा रिकामा,
त्यात त्याची भाकरी.
काच खाली आली की सुरू :
"नऊ किलोमीटर जातो मी. नऊ.
ऊस टनावर घेता, दूध फॅटवर घेता,
मग रस्ताच तेवढा ताटावर का?
अर्धी चपाती खाल्ली तरी पुरं ताट?"
मागे हॉर्न. त्याच्या मागे हॉर्न.
सुट्टे नसायचे. मी चॉकलेट द्यायचो,
पिवळ्या कागदातलं, आंब्याच्या वासाचं.
"दात किडले माझे तुझ्या नाक्यापायी," म्हणत
तो गिअर टाकायचा.

त्याचं बरोबर होतं.
पण खिडकीत बसलेल्यानं तसं म्हणायचं नसतं.

माझे वडील सांगलीला जकात नाक्यावर कारकून.
हळदीची पोती बोटानं दाबून सांगायचे, किती मण.
नाकासमोर चालावं, हे मला शिकवलं
आणि स्वतः जन्मभर नाक्यासमोर बसून राहिले.
जकात उठली त्या रात्री बारा वाजता
बांबू त्यांनीच वर केला,
दगड बांधलेलं टोक खाली आलं,
आणि पहिला ट्रक न थांबता गेला तेव्हा
त्यांचा हात आपोआप पुढे झाला,
पावती नसलेला.

मला वाटायचं, माझ्या वेळी निदान बांबू असेल.
काही नव्हतं. रस्त्यावर कमान आली,
कमानीला डोळे, गाडीला डबी.
चढलास कुठे, उतरलास कुठे,
जितकी वाट तितका पैसा.
खिडक्या क्रेननं उचलल्या.
चार नंबरची फारच हलकी निघाली,
ऑपरेटर हसला.

आता मी तक्रार केंद्रात असतो,
पत्र्याची खोली, एक पंखा, एक पडदा.
मंगळवारी हैबती आला, मोबाईल पुढे धरला :
अठरा रुपये चाळीस पैसे.
"पूर्वीपेक्षा कमीच की."
"रोज नऊ साठ येतात. आज हे का?"
पडद्यावर त्याची पहाट निळ्या रेघेत आली,
उडतारे, आनेवाडी, पुढे,
मग उलटी, मग पुन्हा पुढे.
"झाकण विसरलो होतो," तो म्हणाला, "एका कॅनचं.
आता विसरण्याचेबी पैसे?"
"विसरण्याचे नाहीत. रस्त्याचे."
हे वाक्य मला नऊ वर्षांपूर्वी हवं होतं.
तो भांडला नाही. मलाच चुकल्यासारखं झालं.

तो रेघ बघत राहिला.
"हा ठिपका कसला?"
"थांबला होतास. सहा मिनिटं, कालव्याच्या पुलाशी."
त्यानं टोपी काढली, परत घातली.
"हे कुणाकुणाला दिसतं?"
"मला. कमानीला. त्याच्या पुढचं मला माहीत नाही."
"तू खिडकीत होतास तेव्हा," हैबती म्हणाला,
"बघून न बघितल्यासारखं करायचास."

सहा मिनिटांचं मी विचारलं नाही.
तक्रारीच्या रकान्यात लिहिलं : निरसन झाले.

उठताना म्हणाला, "चाळीस पैशे. नाणं तरी उरलंय का कुठं?
चॉकलेट हाय का?"
खणात एक होतं, तळाशी, उन्हानं बसलेलं.
कागद सुटेना.
त्यानं कागदासकट तोंडात टाकलं
आणि गाडी वळवली
सर्व्हिस रोडला.
तिकडे कमान नाही.
खड्डे आहेत.