तारण

जानेवारीत उलानबातरला पाचलाच अंधार धरतो.
कोळशाचा धूर काचेला चिकटून बसतो
आणि साऱ्या गल्लीत आमच्या गहाणाच्या दुकानाची निळी पाटी
तेवढी स्वच्छ दिसते.

मी जाळीमागे. हात जाईल एवढी खिडकी.
दिवसभर फोन येतात. म्हणजे वाजत नाहीत, येतात.
तडा गेलेले, तारखेआधीच विकलेले.
एक तर गहाण असतानाच रात्रभर वाजत राहिला,
पडद्यावर ‘आई’.
उचलला नाही मी. नियम आहे.

मालक म्हणतो, माणसाची पत दोनच गोष्टींवरून कळते:
फोन कोणता,
आणि तो कितव्यांदा सोडवला.

रेशमी देलसुद्धा येतात,
सणाआधी सोडवून नेलेले, सण सरला की चौथ्या दिवशी परत,
बाहीला मटणाच्या वाफेचा वास.
एकाच्या घडीत वाळल्या दह्याचा तुकडा सापडला.
खाल्ला मी.
त्याची कुठे नोंद नाही.

काल गोम्बोसुरेन आला.
हातमोजे काढायलाच इतका वेळ लावला
की मागचा पोरगा खाकरला.
अर्जावर नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं,
धंदा: पूर्वी मेंढपाळ.
कुळाच्या रकान्याशी अडला.

खानाचं लिहा, मी म्हटलं, निम्म्या शहराने तेच लिहिलंय.
माझ्या बापानेही.
रांग मोठी होती म्हणे, आणि नमुन्याच्या कागदावर तेच होतं.
तेव्हापासून मी खानाची वंशज.
आठवड्याला सहा दिवस, डबा घरचा.

त्याने एका ओढ्याचं नाव लिहिलं.
‘आता नाही तो,’ म्हणाला.
‘खाणीने प्यायला.’

मग छातीच्या घडीतून कुपी काढली.
अकीकाची, मधाच्या रंगाची, डोक्यावर पोवळं.
उजव्या तळव्यावर धरली, झाकण किंचित सैल,
डावा हात उजव्या कोपराखाली.

गहाण ठेवणारे असं देत नाहीत.
ते वस्तू सरकवतात
आणि दुसरीकडे बघतात.

माझा उजवा हात माझ्याआधीच पुढे झाला.
घेतली. नाकाशी नेली.
तपकीर, थोडं कापूर, आणि लोकरीच्या आत राहिलेली ऊब.

‘हिवाळा बरा चाललाय ना?’
‘बरा चाललाय. तुमची जनावरं धडधाकट?’
‘धडधाकट आहेत.’

दोघंही खोटं बोललो, रीतीप्रमाणे.
मागचा पोरगा एकदम गप्प.

आता रीत म्हणते, परत दे.
नियम म्हणतो, ठेवून घे.
माझ्या बाजूला वजनकाटा, शिक्का, वर कॅमेरा.

मी परत दिली.

त्याने घेतली. मान लववली.
कुपी छातीशी गेली, देलचं बटण लागलं,
आणि मला वाटलं की हा आता वळेल, दार ढकलेल,
धुरात दिसेनासा होईल,
आणि मी मालकाला सांगेन, भाव पटला नाही त्याला.

बटण पुन्हा उघडलं.
यावेळी त्याने ती सरकवली
आणि दुसरीकडे बघितलं,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे,
जिथे बँकेने एक हिरवं कुरण छापलंय.

कुपी, एक. दगड साधा. पोवळं तपासणे आहे.
मुदत तीस दिवस.
आतल्या तपकिरीला रकाना नव्हता.
नोटा मी दोन्ही हातांनी दिल्या,
एवढंच माझ्या हातात होतं.

घरी अकराव्या मजल्यावर
भाकरीची कणीक मळताना तळव्याला वास आलाच.
पोरीने नाक वर केलं. कसला गं?
मी म्हटलं, पाहुणा आला होता.

‘कामावर?’ ती म्हणाली,
फोनमधून मान न काढता.