एक दात

पहाटे पाचलाच जॅक लावला. अमळनेरात
मे महिन्यात नऊनंतर पाना हातात धरवत नाही.
इंडिकाच्या पोटात हात घालायला
जागा तरी केवढी, एका मनगटाची.

जुना पट्टा उतरवण्याआधी कोकिळाने
पुलीवर आणि इंजिनवर खुणा ओढल्या,
ब्लाउज बेतायच्या निळ्या खडूने.
"एक दात चुकला तर?"
वॉल्व्ह वाकतील. मग हेड उतरवा, धुळ्याला न्या,
पुढचं विचारू नको.

नवा पट्टा चढेना. चढला की खूण सरके.
भिंतीपलीकडून सुपडूआप्पा:
"दात मोजात का रे भो?"
मोजले. तीनदा. तिन्ही वेळा वेगळे.

टेन्शनर मी आवळत होतो,
तिने अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला.
"अजून थोडा. माझ्या मशीनचा एवढाच दबतो."

मग चावीने नाही, हाताने,
क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवला.
कुठे अडतंय का ऐकायला
घरातला कुलर बंद केला, सुपडूआप्पाही गप्प.

निळ्या रेघा पुन्हा समोरासमोर आल्या.

ताटलीत एक बोल्ट उरलाय.
कुठल्या जागेचा, दोघांनाही आठवत नाही.
गाडीची चावी तिच्या मुठीत आहे.