काठवट

हेल्डुर दारात उभा राहिला तेव्हा
माइमूची काठवट त्याच्या काखेत होती,
जळाऊ ओंडका आणावा तशी.
बुटांवरचा बर्फ त्याने झटकला नाही.
म्हणाला, "वाइके, ही धुतली मी.
गरम पाण्यानं. सोड्यानं. घासून."

मी काही बोलले नाही.
आमच्या बेटावर बायको गेली की
पुरुष काहीबाही करतात.
एकानं घरातली सगळी घड्याळं उघडून ठेवली होती.
एकानं होडी रंगवली, पाण्यात असतानाच.
पण काठवट धुणं!
चाळीस वर्षांचा आंबूस वास,
लाकडाच्या रेघारेघांत मुरलेला,
एका रविवारी मोरीतून वाहून गेला.

"आता पीठ फुगत नाही," तो म्हणाला.
"तीन दिवस ठेवलं. नुसता चिखल."

मी फडताळातलं मडकं काढलं.
फडकं उचललं तसा तळातून एक बुडबुडा
सावकाश वर आला, आणि फुटला.

हे विरजण माझं नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.

अकरा हिवाळ्यांपूर्वी
मी समुद्रापलीकडच्या इस्पितळात होते.
परतले तर माझ्या मडक्यात हिरवी बुरशी.
माइमूनं मूठभर दिलं,
आपल्या काठवटीच्या कडा खरवडून.
देऊ नये म्हणतात. घरची बरकत जाते.
त्याच वर्षी पानगळीत तिच्या दोन मेंढ्या मेल्या.
कुंपणापलीकडून ती म्हणाली, "परत कर."
मी म्हणाले, "ये, माझ्या पोटातून काढून ने."

असं बोलतं का कुणी?
मी बोलले.

मग अकरा वर्षं आम्ही
एकाच दुकानातून मीठ आणलं, वेळा चुकवून.
आणि दर शनिवारी
मी तिचंच पीठ फुगवलं,
तिचाच पाव कापला,
आल्यागेल्याला वाढला. पोस्टमनलासुद्धा.
तिला सोडून.

हेल्डुरला बाह्या वर करायला लावल्या.
रायचं पीठ गव्हासारखं ऐकत नाही.
ताणलं जात नाही, फिरत नाही,
हाताला चिकटून बसतं येणेकऱ्यासारखं.
"मळू नकोस. मुठीनं ढवळ. तळापर्यंत."
बोटींची इंजिनं दुरुस्त केलेले हात ते,
नखांच्या कडेला अजून काळं.
"पाणी केवढं गरम?"
"कोपर बुडव. कोपराला कळतं."
"मीठ?"
"एक मूठ."
"ती जास्त घालायची."
"मग जास्त घाल."

काठवटीवर त्याचाच लोकरी कोट टाकला.
तो घरी गेला नाही. खुर्चीतच पेंगला.
मी दोनदा उठले, चुलीसाठी म्हणून.
कोटाखाली हात घातला. ऊब होती.

पहाटे पीठ काठाला आलेलं.
भट्टीतले निखारे मागे ओढले,
ओल्या झाडूनं तळ झाडला.
दोन तास. बाहेर उजाडलंही नाही.

पाव बसका झाला, एका बाजूनं फाटलेला.
मी उलटा करून बुडावर बोटानं ठोकलं.
रिकामं दार वाजावं तसं वाजायला हवं.
हा वाजला
आत कुणी तरी असल्यासारखा.
"पाणी जास्त झालं," मी म्हणाले.

गरम कापू नये, पण त्यानं कापला.
लोणी लावलं. चावला. थांबला.
बराच वेळ थांबला.
"तशीच चव," तो म्हणाला. "तिच्या हातची."
"रायची चव सगळीकडे सारखीच," मी म्हणाले
आणि सुरी पुसत राहिले,
जी केव्हाच पुसून झाली होती.

मग तो काठवट उचलून मोरीकडे वळला.
"नाही!"
माझा आवाज एवढा चढला की कुत्रं उठून बसलं.
"धुवायची नाही. खरवडायची.
आणि खरवडलेलं पीठात पुरून ठेवायचं."

कोट चढवता चढवता, एक हात बाहीत अडकलेला,
त्यानं विचारलं,
"आणि कुणी मागायला आलं तर?"

"देऊ नये म्हणतात."
तो दारापर्यंत गेला.
"पण दे," मी म्हणाले.
"दे, आणि परत मागू नकोस."