मंगळवारचं पाणी

सूटकेसची चाकं चिऱ्याच्या वाटेवर
दहा पावलंही चालली नाहीत.
रॉटरडॅमच्या धक्क्यावर, सिंगापूरच्या लाद्यांवर
मुकाट मागून येणारी ती,
रिवणच्या उतरणीला मात्र बकरीसारखी अडून बसली.
मग घेतली डोक्यावर,
पूर्वी पेंडीचं पोतं घ्यायचो तशी.

काजूच्या बोंडांचा आंबूस वास.
ओढ्यापलीकडे कुणाची तरी भट्टी पेटलेली.
तांबडो भुंकला माझ्यावर,
चोरावर भुंकावं तितक्याच निष्ठेनं.
त्याचं काय चुकलं?
सहा वर्षं मी बोटीचा स्टोअरकीपर:
दोर किती, रंगाचे डबे किती,
किती बोल्ट गंजून फेकले.
सुट्ट्या मिळत. त्या मडगावच्या फ्लॅटमध्ये
पडद्यांचे रंग निवडण्यात गेल्या.
तिथून इथवर तीस किलोमीटर.
सगळे समुद्र ओलांडून झाले,
हे तीस किलोमीटर राहून गेले.

जाताना लावलेल्या पोफळी गुडघ्याएवढ्या होत्या.
पोरांच्या डोक्यावरून फिरवावा तसा
शेंड्यांवरून हात फिरवून निघालो होतो.
आता मान वर करतो,
करतच जातो,
टोपी मागे पडते.

कुष्टा वेळीप पाटात उभा, पोटरीपर्यंत चिखल.
"आयलो?"
"आयलो."
वादळं, बंदरं, नऊ-नऊ महिन्यांचे करार,
सगळं त्या एका शब्दात मावलं
आणि जागा उरली.
त्यानं खोरं माझ्यापुढे धरलं.
"आज मंगळार. रातीं आमची पाळी."

आमची, म्हणाला.

झर एक, कुळागरं तीन.
पाणी वारांवर वाटलेलं,
कुणी वाटलं ते कुणालाच ठाऊक नाही.
मंगळवारची रात्र आमची, कोंबडा आरवेपर्यंत.

केळीच्या सोपांचा बांध उपसला.
आधी आवाज आला, मग गारवा,
मग पाणी.
अंधारात एकेका आळ्यात शिरून
घुटमळायचं, पुढे निघायचं.
कुठे घसरतं ते पायांना आठवत होतं,
हातांना नाही;
पहिल्या तासातच तळव्याला फोड.
मध्येच एक जायफळ पडलं, टप्.
दचकलो. वाटलं, इंजिनातलं काहीतरी निखळलं.

सकाळी खोपीत चहा.
भिंतीवर कोळशाच्या रेषा,
दर पाळीला एक.
पावसाळ्याची जागा कोरी सोडलेली,
मग पुन्हा रेषा.
कुष्टाला लिहिता येतं,
पण पाण्याचा हिशेब तो कागदावर ठेवत नाही.
माझी सवय जाईना, मोजल्या:
एकशे सहासष्ट.
आणि एके ठिकाणी रेषेऐवजी वाटोळं शून्य.
स्टोअरकीपरला आधी तूटच दिसते.
"ही रात?"

कुष्टा चहात पाव बुडवत राहिला.
"त्या रातीं तुजो फोन आयिल्लो.
ब्राझिलांतल्यान."

सांतूसचं बंदर. नाताळ.
तिकडे भर दुपार, मी जरा जास्तच घेतलेली.
काय बोललो, आजही आठवत नाही.
इथे रेंज मिळते ती फक्त वर, सड्यावर,
त्या एका दगडावर उभं राहिलं तर.
म्हणजे तो खोरं टाकून चढला असणार,
फोन कानाशी धरून उभा राहिला असणार
मी थांबेपर्यंत,
आणि खाली आमचं पाणी
रात्रभर दुसऱ्यांच्या पोफळींना गेलं.

"कितें उलयतालों हांव?"
"कांय ना. एकेके पोफळीची ऊंचाय विचारतालो."
"आनी तूं?"
"हांव सांगतालों."

बशी पुसून त्यानं पालथी घातली,
कोळशाचा तुकडा माझ्याकडे सरकवला.
कालची रेष ओढायची राहिली होती.
फुटलेल्या तळव्यानं ओढली. वाकडी आली.

बाहेर तांबडो अजून भुंकतोय.
भुंकू दे.
पुढच्या मंगळवारपर्यंत वेळ आहे.