बसवा

उद्यमनगरात सोमवारी यंत्रं गप्प असतात,
म्हणून सोमवारीच गेले,
पेनड्राइव्ह पर्समध्ये, सुट्ट्या नाण्यांत.

जिनगोंडा मगदूम, पॅटर्नवाले.
लाकडाचा साचा करून देतात, फौंड्री त्यावरून बीड ओतते.
थंड होताना बीड आकसतं,
म्हणून लाकूड मुद्दाम केसभर मोठं.
"ती सूट ज्याला कळली, त्यालाच हा धंदा कळला," म्हणाले,
आणि पटाशी धरावी तसा माउस धरला.

पहिला पडदा.
या एका बटणावरून ऑफिसात चार दिवस भांडलो होतो:
इन्स्टॉल? स्थापित करा? अधिष्ठापित?
त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
"बसवा म्हणा की.
मोटर बसवतो, बेअरिंग बसवतो, गणपती बसवतो.
ह्याला काय सोनं लागलंय?"

दुसरा. अटी आणि शर्ती.
आजवर ज्यांना ज्यांना बसवून पाहिलं
त्यांनी दोन सेकंदात 'पुढे' दाबलं होतं.
यांनी खुर्ची पुढे ओढली, वाचू लागले.
नऊचा फॉन्ट मीच निवडलेला,
कुणी वाचू नये म्हणूनच, खरं सांगायचं तर.
चहा आला, खारी आली, चहावर साय धरली.
सातव्या कलमावर बोट थांबलं:
"नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार नाही.
व्हय? आमचा साचा चुकला
तर फौंड्रीवाला आमच्याच दारात येतोय."
तरी 'मान्य' दाबलं. दुसरं बटण करड्या रंगाचं होतं,
दाबता येणार नाही असं दिसणारं.
तेही मीच.

तिसरा पडदा: कुठे बसवायचं?
"इथंच, खिडकीपाशी. तिकडं भुसा उडतो."
मी हसले नाही. हसण्यासारखं नव्हतंच.
प्रश्न मराठीत विचारला होता,
उत्तर मात्र सी ड्राइव्हमध्ये हवं होतं.

चौथा.
खाली कोपऱ्यात बारीक चौकोन, आधीच खूण केलेला:
आमच्या ऑफर मोबाइलवर पाठवा.
"ही खूण मी केली?"
नाही.
"मग कुणी केली?"
पंखा फिरत होता. भिंतीवर
गिअरचे, पुलीचे, पंपाच्या पोटाचे लाकडी आकार टांगलेले,
प्रत्येकावर पेन्सिलीने नाव आणि तारीख, त्यांच्या हातची.
मी, म्हटलं.
त्यांनी एक क्लिक करून ती पुसली,
रंध्यावरचा भुसा फुंकावा तशी.

मग पट्टी. हिरवी. सत्तरपर्यंत पळाली,
(पळवलेलीच असते, लोकांना बरं वाटतं)
आणि नव्व्याण्णवला बसून राहिली.
"एका टक्क्यात काय राह्यलंय?"
मला माहीत नव्हतं.
शंभराचा हिशेब आमच्यात कुणीच कधी केलेला नाही.
"आवरतंय," म्हणाले तेच, "आवरू दे.
ओतल्यावर साचा लगेच फोडायचा नसतोय."

शेवटच्या पडद्यावर एकच बटण: समाप्त.
हात वर गेला आणि तिथंच राहिला.
"हे नको बाई.
दुकान बंद करताना आम्ही वाढवलं म्हणतो.
घरातनं निघताना येतो म्हणतो.
नवी वस्तू आली आणि समाप्त?"
मी दाबलं शेवटी. ते दुसरीकडे बघत होते.

त्या रात्री राजारामपुरीतल्या खोलीवर
समाप्त खोडून मी 'येतो' लिहिलं.
सकाळी पुण्याहून फोन: येतो म्हणजे?
सॉफ्टवेअर पुरुष आहे का?
बाकी मीटिंग हसण्यातच गेली.

नव्या आवृत्तीत 'बसवा' राहिलं, अटींचा फॉन्ट बारा झाला,
'समाप्त' परत आलं.
कोपऱ्यातला चौकोन मी रिकामाच सोडलाय.
अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.